पहिल्या नंबरचा सिनेमा

एका जंगलात सिनेमाचा तंबू होता. जंगलात तंबू कसा, असं विचारू नका मुलांनो. होता, एवढं खरं.

ओढ्याकाठच्या माळावर तो उभा असायचा. सोपाना नावाचा वानर तो चालवायचा. दिवेलागण झाली की सोपाना झाडावर चढून भोंगा वाजवायचा आणि सगळं जंगल गोळा व्हायचं. पुढे खारी आणि ससे. मागे हत्ती, म्हणजे कुणाची तक्रार नको. वाघ एका कडेला बसायचा. त्याच्या शेजारची जागा नेहमी रिकामी असायची, कितीही गर्दी असली तरी.

रडायचं आलं की सगळे रडायचे. हसायचं आलं की हसायचे. खेळ सुटला की अंगाची माती झटकून घरी जायचे. कसा होता सिनेमा, असं कुणी विचारलंच, तर म्हणायचे, "बरा होता की." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे.

असं बरं चाललं होतं. मग बगळा आला.

बगळा शहरातून आला होता. तिथे एका मोठ्या थेटरामागे नाला होता. त्या नाल्यात बगळा पुष्कळ वर्षं एका पायावर उभा होता. आत तो कधी गेला नव्हता. पण खेळ सुटल्यावर बाहेर पडणारी माणसं जे जे बोलायची, ते सगळं त्याने ऐकलं होतं. त्यामुळे सिनेमातलं त्याला फार कळायचं.

आल्या आल्या त्याने अस्वलाला गाठलं.

"तुमचा पहिला नंबर कोणता?"

"कशाचा?"

"सिनेमाचा हो. पहिला, दुसरा, तिसरा, असे दहा. यादी नाही तुमची?"

अस्वल ओशाळलं. एवढं वय झालं, घरात मध आहे, पोरंबाळं आहेत, आणि यादी नाही. ते तसंच मागे फिरलं आणि यादी करायला बसलं.

बघता बघता जंगलभर यादीची साथ पसरली. जो तो आपली यादी पाणवठ्यावर मोठ्याने सांगू लागला. सशाने खारीशी बोलणं टाकलं, कारण 'लंगडा लांडगा' हा सिनेमा तिने तिसरा धरला होता आणि सशाचा तो पाचवा होता. लांडगे म्हणाले, आम्हाला न विचारता हा सिनेमा कुणी यादीत धरलाच कसा? कासव चौथ्या नंबरावर अडकलं होतं, ते अजून विचार करत होतं. वाघाने आपली यादी सांगितली, ती मात्र ऐकताक्षणी सगळ्यांना पटली.

तंबू हळूहळू ओस पडू लागला. यादीवर वाद घालण्यात दिवस जायचा, मग सिनेमा पाहायला सवड कुणाला?

या जंगलात भिवबा नावाचा एक म्हातारा साळिंदर राहायचा. कमी बोलायचा. सावकाश चालायचा. त्याची बायको कोंडाबाई त्याच्या वाटचंही बोलून टाकायची, त्यामुळे त्याला कधी अडचण आली नाही. त्यांना एक लेक होती, तानू.

पलीकडच्या टेकाडावर हरबा नावाचा तरुण साळिंदर होता. आईबाप नव्हते. दगडूमामाने त्याला वाढवलं होतं. हरबा आणि तानू तंबूत भेटायचे आणि परतताना रमतगमत यायचे. वाटेत हरबा कंद उकरायचा. आतला गोड गाभा तानूपुढे सारायचा, आपण साल चावत बसायचा आणि वर म्हणायचा, "मला सालच आवडते."

भिवबाने हे एकदा लांबून पाहिलं. घरी येऊन तो कोंडाबाईला म्हणाला, "जावई मिळाला."

पूर्वीचे दिवस असते तर गोष्ट इथेच संपली असती. मुलाचं बीळ कोरडं आहे का, जवळ पाणी आहे का, एवढं पाहायचं आणि अक्षता टाकायच्या. पण आता बगळ्याने नवं शास्त्र आणलं होतं. मुलाची यादी आणि मुलीची यादी शेजारी शेजारी ठेवायची आणि गुण काढायचे. छत्तीसपैकी निदान अठरा तरी हवेत. त्याशिवाय जंगलात कुणी अक्षतेचा दाणा उचलत नसे. बगळ्याला सगळे आता शास्त्रीबुवा म्हणत.

दगडूमामा बैठकीला आला तोच काटे फुलवून.

"आधी घरातल्यांचं कळू द्या," तो म्हणाला. "भिवबा, तुमचा पहिला नंबर कोणता?"

भिवबाने बराच वेळ विचार केला. "काल पाहिला तो," तो म्हणाला. "चांगला होता."

"आणि परवाचा?"

"तोही चांगला होता."

बैठकीत हशा पिकला. तानूने मान खाली घातली. भिवबाला कळेना आपलं काय चुकलं.

शास्त्रीबुवांनी एक डोळा मिटून दोन्ही याद्या ऐकल्या. तानूचा पहिला नंबर होता 'हरणाची आई'. हरबाच्या यादीत तोच सिनेमा सातवा होता.

"पहिल्याला सातवा आडवा गेला," शास्त्रीबुवा म्हणाले. "नंबरदोष आहे. साडेअकरा गुण भरतात."

"सातवा?" कोंडाबाई ताडकन उठली. "'हरणाची आई' सातवा? अहो मामा, तुमच्या पोराला हृदय आहे का नुसतेच काटे?"

"सातवा धरलाय तोही मोठ्या मनाने!" दगडूमामा म्हणाला. "आहे काय त्या सिनेमात? हरणी रडते, पाडस रडतं, मग पुन्हा हरणी रडते."

"आणि तुम्ही? तुम्ही नाक शिंकरत होतात. मी शेजारीच बसले होते."

"सर्दी होती मला!"

"बरी त्या पाडसाच्या वेळीच आली!"

हरबा पुढे झाला. "मामा, मी पहिला करतो की. मला काय, दोन्ही आवडतात."

"गप!" मामा ओरडला. "आवड अशी रोज बदलायची असते का? आपल्या घराण्याची यादी आहे ती. माझ्या बापाने 'लंगडा लांडगा' पहिला धरला, मी धरला, तूही धरायचा."

"तुमच्या बापाच्या वेळी तंबू तरी होता का?" कोंडाबाईने विचारलं.

मग काय होणार? काट्यांचा खुळखुळाट झाला. मध्ये पडायला गेलेला कोल्हा नाकात काटा घेऊन परत आला. लग्न मोडलं. भांडण मात्र मोडलं नाही, ते पाणवठ्यावर गेलं. जंगलात 'आई'वाले आणि 'लांडगा'वाले असे दोन तट पडले. आईवाले वरच्या अंगाला पाणी पिऊ लागले, लांडगावाले खालच्या. तानू आणि हरबा कुणामुळे दुरावले होते, ते दोन्ही तट विसरून गेले.

भिवबा विसरला नाही. तानू बिळाच्या तोंडाशी बसून राहायची. तो तिच्यापुढे कंद ठेवायचा आणि संध्याकाळी तोच कंद उचलायचा. एकदा ती म्हणाली, "आबा, मी यादी केलीच नसती तर?"

भिवबा उठला आणि ओढ्यावर शास्त्रीबुवांकडे गेला.

"बुवा, यावर काही उपाय?"

"उपाय आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. "दोघांनाही नवी यादी देतो. कुणाच्या बापालाही नावं ठेवता यायची नाहीत अशी." आणि त्यांनी दहा नावं घडाघडा म्हणून दाखवली. पहिलं नाव होतं, 'धुक्याआधीचं धुकं'.

"हे तंबूत आलेलं आठवत नाही," भिवबा म्हणाला.

"येणारच नाही. फार उंचीचं आहे."

"तुम्ही पाहिलंय?"

शास्त्रीबुवांनी दुसरा पाय खाली ठेवला. त्यांना राग आला की ते दोन पायांवर उभे राहायचे. "पाहूनच ठरवायचं असतं, तर शास्त्र कशाला हवं होतं?"

भिवबाला ते पटलं नाही. पण त्याला लेक सुखी हवी होती, पटणं नको होतं. त्याने ती नावं तानूला पाठ करायला लावली. हरबापर्यंत निरोप पोचवला. हरबाने एका दिवसात पाठ केली. तो म्हणाला, "याहून अवघड असती तरी केली असती."

पुन्हा बैठक बसली. तानूने यादी म्हटली. हरबाने तीच म्हटली. शास्त्रीबुवा डोळे मिटून म्हणाले, "छत्तीस."

सगळ्यांनी दगडूमामाकडे पाहिलं. मामा जरा गडबडला. 'धुक्याआधीचं धुकं' त्याने ऐकलंसुद्धा नव्हतं. आता ते कबूल करायचं तरी कुणापुढे, कोंडाबाईपुढे?

"वा!" तो म्हणाला. "वा! हा तर... हा माझा फार जुना. मी मुद्दामच बोलत नव्हतो. म्हटलं, इथे कुणाला कळणार?"

"आम्हाला न कळायला काय झालं?" कोंडाबाई म्हणाली. "शेवट पाहून चार दिवस मला अन्न गेलं नाही."

"शेवट सोडा, सुरुवात! सुरुवातच केवढी!"

"सुरुवात सगळ्यांनाच कळते, मामा."

अस्वल म्हणालं, मधला भागही दुर्लक्ष करण्यासारखा नाही. दुपारपर्यंत सगळ्या जंगलाने तो सिनेमा पाहिलेला निघाला. दोन्ही तट मिटले. लग्न ठरलं, अक्षता पडल्या. भिवबाने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि खूप दिवसांनी पोटभर जेवला.

त्याच्या हातातला शेवटचा घास तसाच राहिला. कारण मामा पंगतीत उभा राहून बोलू लागला होता.

"एवढा छत्तीस गुणांचा जोडा! आज तंबूत 'धुक्याआधीचं धुकं' लावायचाच. जोडीने तो पाहायचा, मगच घरचा उंबरा ओलांडायचा. पाहिल्याशिवाय सून मी घरात घेणार नाही."

"लावाच!" सगळी पंगत ओरडली. शास्त्रीबुवांना एकाएकी ओढ्यावर काम निघालं.

भिवबा धावत सोपानाकडे गेला. म्हातारा साळिंदर धावतो म्हणजे काय, तुम्हीच समजा.

"सोपानादादा, हा सिनेमा आहे का तुझ्याकडे?"

"नाही बाबा. या नावाच्या सिनेमाची पेटी कधी आलीच नाही. आजच्याला माझ्याकडे कुठलीच पेटी नाही."

"मग माझी पोर गेली रे," भिवबा म्हणाला आणि खाली बसला.

सोपाना डोकं खाजवत त्याच्याकडे पाहत राहिला. त्याचा तंबू कित्येक दिवसांत भरला नव्हता. "आबा," तो म्हणाला, "मी नुसता दिवा लावतो. पडद्यावर उजेड पडेल. पुढचं ही मंडळी बघून घेतील."

दिवेलागणीला भोंगा झाला. तंबूत मुंगी शिरायला जागा नव्हती. नवरा-नवरीला मधोमध बसवलं. त्यांच्या मागे दगडूमामा, बाजूला भिवबा आणि कोंडाबाई. सोपानाने दिवा लावला. पडद्यावर पांढरा उजेड पडला. दुसरं काही नाही.

भिवबाने डोळे मिटून घेतले. आता कुणीतरी म्हणेल, अरे, यात काहीच नाही. आता म्हणेल. मग यादी खोटी ठरेल, गुण खोटे ठरतील आणि तानू पुन्हा बिळाच्या तोंडाशी बसेल.

"अहाहा," मागून मामा म्हणाला. "काय धुकं आहे!"

"हे अजून आधीचं आहे," कोंडाबाई म्हणाली. "खरं धुकं पुढे येतं."

"सुरू झाला का?" सशाने हळूच विचारलं.

"अर्धा झाला," खार म्हणाली. पुष्कळ दिवसांनी ती त्याच्याशी बोलत होती.

अस्वल हुंदके देत होतं. हत्ती म्हणाला, मागून जास्त स्पष्ट दिसतंय. वाघाने डुलकी काढली, त्यालाही लोकांनी जाणकारी म्हटलं. मग हळूहळू वाद पेटला. हा पहिला नंबर आहे, की याला नंबर देणंच चूक आहे? याच्यापुढे दुसरा नंबर रिकामा ठेवावा का? सगळ्या माना पडद्याकडे आणि सगळी तोंडं एकमेकांवर.

भिवबाने डोळे उघडले. त्याने पडद्याकडे पाहिलं नाही. त्याने लेकीकडे पाहिलं.

तानू आणि हरबा एकमेकांकडे पाहत होते. हरबाने कनातीची कड हळूच वर उचलली. बाहेर चांदणं होतं, ओढ्याची वाट होती. तानूने वळून बापाकडे पाहिलं. भिवबाने मान डोलावली. ती दोघं कनातीखालून निघून गेली.

मधोमध दोन जागा रिकाम्या दिसू लागल्या. भिवबा सरकत सरकत तिथे जाऊन बसला आणि अंगावरचा एकूण एक काटा त्याने उभा केला. दोघांची जागा त्याने एकट्याने भरून काढली.

"अहो भिवबा!" मागून मामा खेकसला. "काटे मिटा! पुढचं काही दिसत नाही!"

"जरा थांबा मामा," भिवबा सावकाश म्हणाला. "आत्ताच महत्त्वाचं चाललंय."

मामा लगेच गप्प झाला. महत्त्वाचं केव्हा चालतं, हे आपल्याला ठाऊक नव्हतं असं त्याला दिसू द्यायचं नव्हतं. "हो, हो," तो शेजाऱ्याला म्हणाला, "हाच तो प्रसंग."

तात्पर्य : मुलांनो, लग्नाआधी दोघांच्या याद्या अवश्य जुळवाव्यात, आणि यादीत एकही पाहिलेला सिनेमा नसावा. म्हणजे वडीलधारी मंडळी त्यावर बोलत राहतात आणि ज्यांना संसार करायचा आहे त्यांना वेळेवर घरी जाता येतं.