भीमुडुची तेनालीला रवानगी

फुकट मिळतोय म्हणून कुत्रा घेऊ नये, हे शहाणपण गुंटूरच्या कोटेश्वररावांना आलं, तोवर त्यांच्या घरात डाव्या पायाची एकही चप्पल शिल्लक राहिली नव्हती.

झालं होतं एवढंच, की गच्चीवरचा तांब्याचा हंडा चोरीला गेला. कोटेश्वरराव पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. (पाणी अडवणं हे खात्याचं काम, कोटेश्वररावांचा आवाज अडवणं खात्यालाही जमलं नव्हतं.) त्यांनी ऑफिसात जाऊन चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो ऐकून शेजारच्या टेबलावरचा पिच्चय्या म्हणाला, "साहेब, आमच्या कुत्रीला पिल्लं झालीत. एक घेऊन जा. चोराची पाऊल टाकायची टाप नाही!"

पिल्लू आलं. नाव ठेवलं भीमुडु, म्हणजे आपला भीम्या. भीम्या वर्षाचा होईतो वासराएवढा झाला, आणि गुण उधळायला लागला. पोस्टमन आला की तो उताणा होऊन पोट खाजवून घ्यायचा. अनोळखी माणसाला घरभर हिंडवून आणायचा. पण कोटेश्वरराव दारात दिसले, की भुंकून भुंकून गल्ली जागी करायचा! एकटा ठेवला तर गळा काढून रडायचा. आणि हलणारं कापड दिसलं की संपलंच. टॉवेल, पडदा, लुंगी, काही म्हणता काही सोडायचा नाही.

"गाढवा! नालायका! कुणाचं खातोस आणि कुणावर भुंकतोस?" कोटेश्वरराव ओरडायचे. भीमुडुला वाटायचं, मालक खेळतायत. तो दुप्पट भुंकायचा. मग ते तिप्पट.

"अहो, त्याला वाटतं तुम्हीही भुंकताय," सुभद्रा, त्यांची बायको, स्वयंपाकघरातून म्हणायची.

कडेलोट झाला तो व्याही आले त्या दिवशी. मुलीचं, पद्मजाचं, लग्न नुकतंच झालेलं. तिचे सासरे सुब्बरामय्यागारू पहिल्यांदाच घरी येत होते. रेशीमकाठी पंचा, म्हणजे आपलं धोतर, नेसून, हातात फळांची करंडी घेऊन ते फाटकातून आत आले. वारा सुटला होता. पंच्याचं टोक हललं.

पुढचं सांगायला नको. व्याही करंडीआड उभे, पंचा अंगणभर फिरतोय, मागे कोटेश्वरराव, समोरच्या गच्चीवर अख्खी गल्ली. सुब्बरामय्यागारू भले गृहस्थ, एवढंच म्हणाले, "सून आमची फार शांत आहे हो. कुणावर गेली?"

ते गेल्यावर कोटेश्वररावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अब्रूचं खोबरं केलं मेल्यानं! आजपासून या घरात एक तर तो राहील, नाहीतर मी!"

सुभद्रा विचार करायला लागली.

"अगं, विचार कसला करतेस!" ते गरजले.

पहिल्यांदा भीमुडुला पिच्चय्याच्याच सत्तेनपल्लीच्या शेतावर धाडला. दुसऱ्याच दिवशी पिच्चय्या त्याला रिक्षात घालून परत आला. दोघांचेही डोळे लाल. खळ्यावर मिरची वाळत घातली होती, भीमुडु तिच्यात मनसोक्त लोळला होता. दिवाणखान्यात शिरल्या शिरल्या त्यानं अंग झाडलं, आणि घरातली माणसं, शेजारी, दूधवाला, सगळे शिंकायला लागले. शिंकता शिंकता शिव्या देणं किती अवघड असतं, ते त्या दिवशी कोटेश्वररावांना कळलं. (तरी बऱ्याच दिल्या.)

मग कुणीतरी तेनालीच्या सलोमी टीचरांचं नाव सुचवलं. रिटायर्ड हेडमिस्ट्रेस, एकट्या राहतात, वांड कुत्री सांभाळतात. कोटेश्वररावांनी निरोप ठेवला. टीचरांचा फोन आला तेव्हा ते आंघोळीला गेले होते. इकडे सुभद्रेच्या बहिणीनंही तेनालीतल्याच एका वैद्यबाईंकडे भावोजींच्या रागाबद्दल शब्द टाकला होता. तेव्हा फोन घेतलेल्या सुभद्रेला वाटलं, त्या वैद्यबाईच बोलतायत.

"तेनालीहून बोलतेय. फार आरडाओरडा करतो म्हणे?"

बाई एकदम एकेरीवर आल्या. पण वयानं मोठ्या असतील, म्हणून सुभद्रेनं ते चालवून घेतलं. "सकाळी डोळे उघडल्यापासून."

"अंगावर धावून जातो?"

"नाही हो, नुसता आवाज. लक्ष दिलं नाही की आपोआप शांत."

"खाणं?"

"खाण्याची तक्रार नाही. तिखट तेवढं बंद करायला हवं."

"तिखट? अहो, तिखट कशाला देता त्याला?"

"ऐकतंय कोण! गोंगुऱ्याची, अंबाडीची झणझणीत चटणी नसली तर ताट ढकलतात."

"बरं. वय काय?"

"येत्या श्रावणात सत्तावन्न."

"किती?" टीचर एवढ्या मोठ्यानं ओरडल्या, की टॉवेल गुंडाळून बाहेर आलेल्या कोटेश्वररावांना ते ऐकू गेलं. खुलासा झाल्यावर त्यांनी जे आकाशपाताळ एक केलं, ते टीचरांनी फोनवरून सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "कुत्रा घेऊन या. दुखणं आलं लक्षात."

तेनालीला पोचवायला दोघं गेली. सुभद्रा वाटभर डोळे पुसत होती. कोटेश्वरराव वाटभर ड्रायव्हरवर चिडत होते. टीचरांनी दार उघडलं, भीमुडुनं त्यांचा हात हुंगला आणि तो सरळ आत चालता झाला.

"बघितलंस? बघितलंस?" परतताना ते धुमसत होते. "रोज माझ्या ताटातली अर्धी इडली खायचा. तुला ठाऊक नाही, मी चोरून द्यायचो. एकदा वळून बघितलं का त्यानं? कृतघ्न!"

घर शांत झालं. चपला जोडीनं राहायला लागल्या. आणि कोटेश्वरराव जास्तच भडकले. पंख्यावर, पेपरवर, सांबारावर. सकाळी इडली पुढ्यात आली की अर्धी तशीच ठेवायचे, आणि ती उरली म्हणून ओरडायचे. शेवटी न राहवून त्यांनी टीचरांना फोन लावला. तक्रार ऐकायला कान आसुसले होते.

"काय फाडलं?"

"काही नाही."

"रडतो ना एकटा?"

"झोपतो. सकाळ-संध्याकाळ कालव्याच्या कडेनं लांबवर हिंडवून आणते. तुम्हीही नेत असाल ना?"

कोटेश्वरराव त्याला फाटकापर्यंत नेत. तेही शिव्या देत. "भुंकतो तरी?"

"अजून आवाज ऐकला नाही त्याचा. गुणी बाळ आहे."

गुणी बाळ! रिसीव्हर आपटून ते उभे राहिले. "आमच्या घरात राक्षस आणि तिथं गुणी बाळ? म्हणजे काय, दोष आमच्यात? सुभद्रे, चल तेनालीला! त्या बाईनं कुत्रा बदललाय!"

टीचरांच्या ओसरीत भीमुडु पंजांवर हनुवटी टेकून पडला होता. साधूसारखा. त्याला तसं पाहून कोटेश्वररावांना जवळ जाऊन थोपटावंसं वाटलं. आणि तसं काही वाटलं की त्यांना जे एकच करता येई, ते त्यांनी केलं.

"ढोंग्या!" ते फाटकातूनच गरजले. "नालायका! माझ्या घरी काय धाड भरली होती तुला?"

भीमुडुचे कान उभे राहिले. तो आवाज! तीरासारखा तो अंगणात आला, भुंकला, नाचला, मालकांच्या गालावरून जीभ फिरवली, आणि पंच्याचं टोक धरून सुसाट सुटला.

"बघा! बघा!" एका हातानं उरलेला पंचा सावरत, डोळ्यांत पाणी आणून कोटेश्वरराव आनंदानं ओरडत होते. "हा माझाच कुत्रा! टीचर, बाहेर या! बघा तुमचं गुणी बाळ!"

सलोमी टीचर बाहेर आल्या. आवाज चढवला नाही, हात हलवला नाही. चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "बस. खाली बस."

भीमुडु बसला.

कोटेश्वररावही बसले. अर्ध्या पंच्यानिशी, अंगणातल्या मातीत, तोंड मिटून.

टीचरांनी पदराखालच्या डब्यातून चकलीचा तुकडा काढून भीमुडुला दिला. सवयीनं दुसरा कोटेश्वररावांपुढे धरला. त्यांनी तो खाल्ला. भीमुडुनं सरकत येऊन त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं.

सुभद्रेनं पदर तोंडाला लावला होता. हसत होती की रडत होती, कुणाला कळलं नाही. "टीचर," ती हळूच म्हणाली, "घरी न्यावा म्हणते."

"खुशाल न्या," टीचर म्हणाल्या. "भीमुडु आता तयार झालाय, त्याला पुन्हा आणायची गरज नाही. यांना मात्र दर रविवारी घेऊन येत जा."