शिटी न होणारा कुकर

एका जंगलात, बाळांनो, दात पडलेला एक सिंह राज्य करत होता. दात नाहीत म्हणून तो भात खायचा. सिंह कधी भात खातो का, असं विचारू नका. तुमचे पडले की कळेल.

त्याचा स्वयंपाक साळूबाई नावाची साळींदर करायची. सोमवारी तोंडली घालून मसालेभात, मंगळवारी मुगाची खिचडी, असं बारा वर्षं चाललं होतं. चूल फुंकून तिचे डोळे कायम लाल. मुदपाकखान्यामागचं बीळ तिला नोकरीबरोबर मिळालं होतं आणि त्यात तिची तीन पिल्लं होती. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की दरबार उठायचा आणि पानं मांडली जायची.

एकदा शहरातल्या बहिणीने साळूबाईला विजेचा कुकर पाठवला. जंगलात वीज कुठली, म्हणाल. अहो, ती रोज जायची, म्हणजे येतही असणारच.

साळूबाईने त्याच भांड्यात फोडणी केली, तांदूळ परतले, वाटीला सव्वा वाटी पाणी घातलं, झाकण लावलं आणि बटण दाबलं. धूर नाही, फुंकणं नाही. सुंठीवाचून खोकला गेला. ती बिचारी बारा वर्षांत पहिल्यांदा दुपारी आडवी झाली.

भात मोकळा झाला, शीत न् शीत वेगळं. पण दरबार काही उठेना. शिटीच झाली नव्हती! सिंह भुकेने कळवळत होता, तरी हरणांच्या कुरणाचा वाद ऐकत बसला. शेवटी मुंगसोपंत कारभारी चौकशीला गेले, तर भात तयार आणि साळूबाई घोरतेय.

सिंहाने तीनदा भात मागून घेतला. मग कारभाऱ्यांनी हळूच सांगितलं, की बाई झोपली होती.

सिंहाचा घास अडकला. "म्हणजे मी आयता भात खाल्ला?"

"बटणच तर दाबायचं, महाराज. ते मीही दाबीन. बीळ तेवढं रिकामं होईल," कारभारी म्हणाले. त्या बिळावर त्यांचा कधीपासून डोळा होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साळूबाईला विचारून विचारून भात केला. खोटं कशाला सांगू, तो तितकाच छान झाला. पण सिंहाने नाक मुरडलं. म्हणाला, याला हाताची चव नाही. ती चव परत आणायला साळूबाईला उद्याचा एक दिवस मिळाला. नाही जमलं, तर बीळ सोडायचं होतं.

त्या रात्री पिल्लांकडे बघून साळूबाई खूप रडली. सकाळी उठली, डोक्याला फडकं बांधलं आणि चुलीत ओला पाला घातला. धुराचा लोट थेट दरबारात शिरला. विजेचा कुकर कोपऱ्यात, पोत्याखाली आपलं काम करत होता. साळूबाई रिकामं पातेलं आपटत होती, कण्हत होती, मधूनच "अगं आई गं" म्हणत होती. मग तिने आपल्याच अंगावरचा एक पोकळ काटा ओढून काढला आणि तोंडाला लावून तीन शिट्ट्या वाजवल्या.

दरबार ताडकन उठला.

पहिल्या घासाला सिंहाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते धुराने आलं होतं, पण सांगणार कोण?

"ही खरी चव," तो म्हणाला. "या भातामागे कष्ट आहेत."

बीळ साळूबाईच्या नावे कायमचं झालं. वर तिला हाताखाली एक मदतनीसही मिळाला. मुंगसोपंत कारभारी आता रोज पहाटे रानात जातात आणि तिला ओला पाला आणून देतात.

तात्पर्य: कष्टाचं फळ गोड असतं, असं गुरुजी सांगतात ते खरंच आहे. मात्र बाळांनो, कष्ट वाचले तर वाचू द्यावेत, धूर वाचवू नये.