उजव्या बाजूची खूण

जुन्या गेमच्या कॅसेटमधून बाहेर काढलेल्या माणसाची ओळखखूण पंधरा दिवसांच्या आत नगरपालिकेत दाखवावी लागते, नाहीतर त्याला परत आत घालतात. कांचनच्या पोरीला बाहेर येऊन तेरा दिवस झाले होते.

पोर काढली होती कांचनच्या दिराने. बबन टीव्ही दुरुस्त करायचा आणि काम नसलं की कॅसेटींतून माणसं काढायचा. आधी नुसतं करडं अंग निघतं. रंग वेगळे काढून मग वरून चढवायचे. ही पोर कुठल्याशा फळं वेचायच्या खेळात विहिरीपाशी उभी असायची. तिला दुसरं काही काम नव्हतं. बाहेर आली तेव्हा दोन्ही हात आडवे पसरलेले. कॅसेटीतून येणारं प्रत्येकजण तसंच येतं. पण चहा घेऊन आलेल्या कांचनला वाटलं, लेकरू 'उचल' म्हणतंय. तिने कप खाली ठेवला आणि उचललं.

"अहो वहिनी, काय केलंत!" बबन ओरडला. "जो पहिला उचलेल त्याच्या नावावर होतं ते."

"होऊ दे की," कांचन म्हणाली, आणि तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला. पोर आतून पोकळ होती. बाहीतून डोकावलं तर पाठीची आतली बाजू दिसायची. अशा लेकराला थंडी बाहेरून वाजते की आतून?

सासूबाई रोज तेल लावून पोरीचे हात छातीवर जुळवायच्या, तान्ह्या बाळाचे जुळवतात तसे. नवव्या दिवशी हात वळले ते थेट कांचनच्या गळ्यात.

खुणेचं मात्र जमेना. डाव्या गालाला काजळाचं बोट लावलं, तर उजव्या गालावरही उमटलं.

"कॅसेटीत जागा कमी असायची," बबनने सांगितलं. "खेळ बनवणारे अर्धंच अंग रंगवायचे. दुसरीकडे तेच उलटं लावायचं."

"दोन-दोन गालबोटं म्हणजे नटवणंच झालं," सासूबाई म्हणाल्या. "दृष्ट कशी अडायची?"

सोनाराने डावा कान टोचला, तार उजव्यातही दिसली. पोर पडली, दोन्ही गुडघे सारखेच खरचटले. कांचनने मुद्दाम एकट्या डाव्यावर फुंकर घालून पाहिली. उजव्याचीही आग थांबली.

पंधराव्या दिवशी ती पोरीला डाव्या कडेवर घेऊन नगरपालिकेत गेली. कारकून कुलथे यांनी फॉर्म पुढे ओढला.

"खूण?"

"गालबोट आहे, साहेब. दोन्ही गालांवर."

"दोन्हीकडचं चालत नाही. कॅसेटवाल्यांचं सगळं दोन्हीकडेच असतं, म्हणून तर नियम केलाय." त्यांनी खणातून पोरीची जमा करून घेतलेली कॅसेट काढली आणि तिच्यात फुंकर मारून धूळ उडवली.

पोरीने कांचनचा पदर मुठीत धरला, दोन्ही मुठींत.

"साहेब, हिच्या उजव्या बाजूला मी आहे."

कुलथ्यांनी मान वर केली. मग उठले, टेबलाला वळसा घालून पोरीच्या डावीकडे आले. वाकून पाहिलं. तिथली हवा हाताने चाचपली.

"इकडे कोणी नाही."

"कसं असेल? मी एकटीच आहे."

"खूण कधीपासून आहे?"

"पहिल्याच दिवसापासून."

त्यांनी रकान्यात लिहिलं, 'उजव्या बाजूस आई', आणि शिक्का मारला. कॅसेट परत खणात गेली.

"खूण जागेवरून हलली की कार्ड रद्द," ते म्हणाले. "तपासणीला न कळवता येतात."

"झोपताना?"

"शेजारी निजलात तरी चालेल. बाजू बदलायची नाही."

घरी येऊन कांचन स्वयंपाकाला लागली. पोर डाव्या कडेवर होती. कणीक उजव्या हाताने मळून झाली, पण एका हाताने पोळी काही लाटता येईना. सासूबाई समोर येऊन बसल्या आणि त्यांनी लाटण्याचं दुसरं टोक धरलं.

पोळ्या चांगल्या गोल झाल्या.