तिसऱ्या मजल्यावरचे परदेशी

आमच्या देशात दर आठ बिऱ्हाडांमागे एक परदेशी आहे, म्हणून आठ बिऱ्हाडांच्या प्रत्येक इमारतीत एक बिऱ्हाड परदेशी असावंच लागतं. आमच्या इमारतीत ते आमचं होतं. शेजारच्या देशात हे प्रमाण दोनास एक आहे. तिथे लग्न जमवतानाच ते बघून घेतात. पूर्वेकडच्या देशात शंभरास एक. तिथे अख्ख्या गल्लीत मिळून एकच परदेशी. तो रोज वेगळ्या घरी जेवतो आणि त्याचं वजन भलतंच वाढलंय, असं म्हणतात.

आम्ही मोहिते, मूळचे इचलकरंजीचे. गेल्या वसंतात आम्हाला इथलं नागरिकत्व मिळालं. शैलाने, म्हणजे आमच्या हिने, शिरा केला आणि घरोघरी वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमाण-कचेरीच्या लिंडेबाई दारात उभ्या.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. "तुमच्या इमारतीत आता एक परदेशी कमी आहे."

नियम साधा आहे. नवं परदेशी बिऱ्हाड आणायचं आणि त्याला जागा म्हणून सर्वांत जुन्या बिऱ्हाडाने घर सोडायचं, कारण त्यांचं राहून झालेलं असतं. आमच्याकडे सर्वांत जुने ब्रुनरकाका. वय ऐंशीच्या पुढे, तिसऱ्या मजल्यावर एकटे, आणि जन्म त्याच घराच्या मागच्या खोलीतला.

"मी कुठे जाऊ?" काकांनी विचारलं.

"ते आमच्या खात्याकडे येत नाही," लिंडेबाई म्हणाल्या. "इमारतीतलंच कुणी परदेशी व्हायला तयार असेल, तर मात्र परीक्षा घेता येते. रविवारी."

"मी होतो," काका म्हणाले.

शैलाने पदर खोचला. "काका, तुमचा मोठा दोष सांगू? इतकी वर्षं मी तुम्हाला डबा देते. तुम्ही तासाभरात परत आणता. घासून, पुसून, लख्ख. आणि रिकामा!"

"मग काय खरकटा आणू?"

"अहो, डबा रिकामा परत करायचा नसतो! काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची."

"तुमच्याकडची साखर संपली का?"

"गोणी भरून आहे!"

काकांनी जिन्याचा कठडा धरला. "कठीण आहे," ते म्हणाले.

रविवारी सगळी बिऱ्हाडं जिन्यात जमली. लिंडेबाईंनी शिष्टाचार म्हणून पत्र्याच्या डब्यातून केक आणला होता. तो खाऊन झाल्यावर परीक्षा सुरू झाली.

"आपला देश का सोडलात?"

"सोडला नाही," काका म्हणाले. शैलाने कपाळाला हात लावला.

"दूर राहिलेल्या कुणाची आठवण येते?"

"आईची."

"ती कुठे असते?"

"स्मशानात. इथून दोन ट्रामथांबे."

"फार जवळ आहे," लिंडेबाई खेदाने म्हणाल्या. "ब्रुनर, मला वाईट वाटतं, पण तुम्ही अगदीच स्थानिक वाटता. माझा डबा द्या, मी निघते."

काका आत गेले. नळ वाहण्याचा आवाज आला. "धुतायत हो!" शैला माझ्या कानात कुजबुजली. "लख्ख धुतायत!"

काका बाहेर आले ते डबा दोन्ही हातांनी धरून. लिंडेबाईंनी झाकण काढलं. आत लोण्यात घोळलेले उकडलेले बटाटे होते, वाफाळते.

"हे काय?"

"रिकामा कसा देणार?"

"मला नकोत."

आमच्या देशात एकदा 'नको' म्हटलं की विषय संपतो. दुसऱ्यांदा विचारलेलं कुणी ऐकलेलं नाही.

"असं कसं? घ्या!" काका म्हणाले.

"खरंच नको. मी जेवून आले आहे."

"बटाटे म्हणजे काय जेवण झालं? दोन तरी!" काकांनी त्यांचा हात धरून डबा हातात कोंबला. "नाही नेलेत तर माझ्या गळ्याची शपथ!"

हे मात्र शैलाने शिकवलं नव्हतं.

लिंडेबाईंनी डब्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि पर्समधून शिक्का काढला. "निःसंशय परदेशी," त्या म्हणाल्या.

मग जे झालं ते काय सांगू! तळमजल्यावरच्या केलरने तुतारी वाजवली. आम्ही काकांना खुर्चीसकट उचलून तिसऱ्या मजल्यापासून खाली आणि खालून पुन्हा वर नेलं. शैलाने ओवाळलं. काका वरून ओरडत होते, "सगळ्यांनी जेवूनच जायचं! नाही म्हणायचं नाही!" लिंडेबाईसुद्धा जेवल्या.

सोमवारी मी काकांबरोबर कोपऱ्यावरच्या बेकरीत गेलो. ते लहानपणापासून तिथूनच पाव आणतात. बेकरीवालीने आज त्यांच्याशी सावकाश, मोठ्या आवाजात बोलायला सुरुवात केली.

"तुम्ही आमची भाषा फार छान बोलता हो!"

"अजून शिकतोय," काका छाती फुगवून म्हणाले.

"मग इथेच राहायचा विचार आहे का?"

काकांनी पाव पिशवीत घातला, खिडकीतून आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "मन रमलंय."