मिस डेलियाचा नवरा

सोमवारी सकाळी गिल्मार्टिनबाई गॉलवेहून एक दिवस आधीच परत आल्या. बॅग दारातच टाकून त्या मागच्या अंगणात गेल्या आणि दोरीवर वाळत घातलेली पुरुषाची लांब लोकरी विजार बघून मटकन पायरीवर बसल्या. त्या घरात दोघीच राहत होत्या. एक त्या स्वतः, सोळा वर्षांपूर्वी विधवा झालेल्या. दुसरी मागच्या खोलीतली भाडेकरू, टेलिफोन एक्स्चेंजमधली मिस डेलिया केरिगन, वय एकतीस, अविवाहित.

खरं तर डेलियाचं लग्न होऊन सव्वा वर्ष झालं होतं. फिंटनशी सहा वर्षं ठरलेलं होतं आणि त्याला लाकूड कापायच्या कारखान्यात कायमची नोकरी लागल्यावर दोघांनी मँचेस्टरला फिंटनच्या बहिणीकडे जाऊन, तिथल्या चर्चमध्ये रीतसर लग्न केलं. परत येऊन गावाला सांगायचं आणि डेलियाने राजीनामा द्यायचा, असं ठरलं होतं. सरकारी नोकरीतल्या बाईने लग्न केलं की नोकरी सोडायची, असा तेव्हा नियमच होता. पण ते बोटीतून उतरले त्याच आठवड्यात कारखान्याला टाळं लागलं. डेलियाने अंगठी दोऱ्यात ओवून ब्लाउजच्या आत सोडली आणि सोमवारी कामावर गेली. "महिनाभराचा प्रश्न आहे," फिंटन म्हणाला होता. आता १९७३चा मार्च चालू होता.

फिंटन नऊ मैलांवर भावाकडे राहायचा आणि शनिवारी सायकलवरून 'होणारा नवरा' म्हणून चहाला यायचा. गिल्मार्टिनबाई समोर बसून विणायच्या, आणि स्वतःच्या बायकोशी हवापाण्याच्या गप्पा मारून तो सातला परत जायचा. या शनिवारी बाई गॉलवेला बहिणीकडे गेल्या होत्या आणि तो नखशिखांत भिजून आला. डेलियाने त्याची विजार धुऊन ठेवली. सोमवारी नऊ दिवसांनी ऊन पडलं. तिने ती दोरीवर टाकली आणि ती कामावर गेली.

साडेदहाला बोर्डावर गिल्मार्टिनबाईंच्या घरचा दिवा लागला. त्यांचे यजमान गुरांचे डॉक्टर होते, म्हणून घरात फोन होता. बाई तर उद्या येणार होत्या.

"नंबर?"

"फादर टायनन. आणि मधे ऐकत बसू नकोस."

डेलियाने वायर खोचली आणि ऐकत बसली.

"विजार आहे, फादर. पुरुषाची."

"फिंटनची असेल. त्या दोघांना बोलावून चांगली कानउघाडणी करतो."

"फिंटनची? अहो, फिंटन साडेपाच फूट. या विजारीत तो उभाच्या उभा बुडेल! मी टेप लावून मोजलीय."

विजार फिंटनच्या थोरल्या भावाची उतरलेली होती. फिंटन ती पायाशी दुमडून आणि कमरेला सुतळी बांधून घालायचा. हे गावात एका डेलियालाच माहीत होतं, आणि ते माहीत असायचं तिला काही कारण नव्हतं.

बाईंनी फोन ठेवला. फादरांचा दिवा तसाच राहिला.

"डेलिया, तू ऐकलंस?"

"नाही, फादर."

"पाच वाजता घरी ये."

पाचपर्यंत डेलिया विचार करत होती. खरं सांगावं तर अब्रू वाचेल, पण नोकरी जाईल. तिच्या वरिष्ठ मिस फीली दर गुरुवारी फादरांकडे पत्ते खेळायला जायच्या, आणि डाव हरायला लागले की फादर गप्पांत काहीही बोलून जात. न सांगावं तर गिल्मार्टिनबाई घराबाहेर काढतील. दार उघडून फादर काही बोलायच्या आत तिने गालिच्यावर गुडघे टेकले.

"फादर, मला पापाची कबुली द्यायचीय."

फादरांनी नाइलाजाने कबुली ऐकताना घालायचा पट्टा गळ्यात घातला आणि डोळे मिटले. जसजसं ते ऐकत गेले, तसतसे डोळे उघडत गेले.

"चर्चमध्ये लग्न झालंय?"

"हो, फादर."

"मग यात पाप कुठलं, पोरी?"

"मिस फीलींना खोटं सांगितलं."

"प्रार्थना म्हण तीन वेळा." ते हुश्श करून मागे टेकले आणि एकदम ताठ झाले. "आता गिल्मार्टिनबाईंना मी काय सांगू?"

"काहीच नाही. कबुलीतलं तुम्हाला सांगता येत नाही."

"तू हे मुद्दाम केलंस."

"हो, फादर. तेही आत्ताच्या कबुलीत धरा."

मंगळवारी गिल्मार्टिनबाई फादरांकडे गेल्या. फादर म्हणाले, विषय संपला. बाई म्हणाल्या, कसा संपला? फादर म्हणाले, ते सांगता येणार नाही. म्हणजे विजार कोणाची हे तुम्हाला माहीत आहे? फादर आयुष्यात खोटं बोलले नव्हते, आणि आता खरंही बोलता येत नव्हतं. ते लाल झाले आणि खिडकीतून बाहेर बघू लागले. खिडकीशी उभं राहिल्यावर त्यांचं डोकं वरच्या चौकटीला टेकायचं. गिल्मार्टिनबाईंनी हे आजवर कधी नीट पाहिलं नव्हतं.

त्या दुपारी त्यांनी गॉलवेचा नंबर मागितला.

"अगं, गावात सहा फुटांवरची माणसं तीन," त्या बहिणीला सांगत होत्या. "पोलीस सार्जंट दीड महिना पाय मोडून दवाखान्यात. म्हातारा डोहर्टी ब्याण्णव वर्षांचा. आणि तिसरा... मला नाव घेववत नाही गं."

एक्स्चेंजमध्ये डेलियाने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

गुरुवारी मिस फीलींना पत्त्यांच्या वेळी नेमकी सर्दी झाली. रविवारी पुढचे दोन बाक रिकामे होते. फादर प्रवचनाला उभे राहिले तेव्हा बायका त्यांच्याकडे न बघता त्यांच्या झग्याच्या लांबीकडे बघत होत्या. ते मधेच अडखळले, आणि त्यांची नजर एकदाच डेलियाकडे गेली. रागाची नव्हती ती नजर. गोठ्यात अडकलेलं जनावर दाराकडे बघतं, तशी होती.

बाहेर सायकलीपाशी ती फिंटनला म्हणाली, "मला हे बघवत नाही."

"थोडे दिवस कळ काढ. लोक विसरतील."

"बिशपच्या कानावर जाईल ते विसरतील? त्यांना इथून हलवतील, फिंटन. या वयात. आणि तोंडातून चकार शब्द काढायचे नाहीत ते."

फिंटनने सायकलची घंटी अंगठ्याने चोळली. "मग आपण खायचं काय?"



सोमवारी तिने मिस फीलींच्या टेबलावर अंगठी काढून ठेवली. मिस फीली अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या आणि त्यांच्या टेबलावर कधी धुळीचा कण दिसला नव्हता.

"कधी झालं?"

"गेल्या डिसेंबरात... म्हणजे त्याच्याही आधीच्या डिसेंबरात."

"आणि ती विजार?"

"फिंटनची. भावाची उतरलेली."

मिस फीलींनी अंगठी उचलून उजेडात धरली. "मी सदतीस साली एकाला नाही म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "गवंडी होता. ही नोकरी सुटू नये म्हणून." अंगठी परत देऊन त्यांनी खणातून राजीनाम्याचा छापील कागद काढला. "खाली सही कर. लग्नाच्या शुभेच्छा."

सगळ्या गावाने शुभेच्छा दिल्या. एक्स्चेंजमधल्या मुलींनी भिंतीवरचं घड्याळ दिलं. गिल्मार्टिनबाईंनी रडत डेलियाला मिठी मारली आणि मागच्या खोलीत डबल पलंग आणून टाकला. फादरांनी, त्यांचं त्यांनाच ठाऊक कुठल्या भावनेने, फिंटनला चर्चच्या कबरस्तानात खड्डे खणायचं आणि गवत कापायचं काम दिलं. पगार डेलियाच्या निम्मा होता. पण फिंटन दर शुक्रवारी पाकीट आणून टेबलावर ठेवायचा तेव्हा दोन इंच उंच दिसायचा. डेलिया बटाटे सोलायची, कपडे धुवायची, दुपारी खिडकीशी बसायची. कधी कधी गिल्मार्टिनबाईंचा फोन वाजला की तिच्या तोंडून आपोआप "नंबर?" असं निघायचं.

जुलैच्या अखेरीस सरकारने तो नियमच काढून टाकला.

डेलिया धावतच एक्स्चेंजमध्ये गेली. तिच्या जागेवर एक एकोणीस वर्षांची मुलगी बसली होती आणि बोटातला नवा साखरपुड्याचा खडा सगळ्यांना दाखवत होती. मिस फीलींनी डेलियाला आत नेऊन दार लावलं.

"आधी राजीनामा दिलेल्यांना परत घेता येतं," त्या कागद वाचत म्हणाल्या, "पण अट आहे. तू विधवा आहेस?"

"नाही."

"नवरा तुला पोसत नाही?"

"पोसतो. जेमतेम."

मिस फीलींनी चष्मा काढला. "जेमतेमचा रकाना नाहीये यात, डेलिया."

तिने तो कागद घरी आणला आणि संध्याकाळी जेवताना फिंटनला वाचून दाखवला. फिंटन मोठ्याने हसला. "म्हणजे मी मेलो तर तुझं काम होईल! खड्डा माझा मीच खणतो, मजुरी वाचेल." ती हसली नाही. त्याने तिच्याकडे बघितलं, मार्चपासून बहुधा पहिल्यांदाच नीट.

"इतकी आठवण येते?"

"सकाळी नऊला बोर्डावर सगळे दिवे एकदम लागायचे," ती म्हणाली. "सगळ्या गावाला मी हवी असायची. आता दिवसभरात मला फक्त बटाटे विचारतात."

फिंटनने ताट बाजूला सारून कागद पुढे ओढला. 'पत्नीचा सांभाळ करण्यास मी असमर्थ आहे', या ओळीखाली नवऱ्याची सही हवी होती. त्याने ती ओळ ओठ हलवत दोनदा वाचली.

"पण हे खोटं आहे," डेलिया म्हणाली. "तुला काम आहे."

"उद्या सोडतो. मग खोटं राहणार नाही."

"लोक काय म्हणतील तुला?"

"ते मी बघतो. पेन दे."

त्याने पूर्ण नाव लिहिलं, अक्षर न् अक्षर गिरवत. सही झाल्यावर तो हात मांडीखाली घेऊन बसला. डेलियाला वाटलं, कागद फाडून टाकावा. तिने तो घडी घालून पाकिटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं एकदमच बाहेर पडली. ती पोस्टात निघाली होती आणि तो फादरांकडे राजीनामा द्यायला. फाटकापाशी फिंटनने तिचा हात धरला, भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत. तिच्या दुसऱ्या हातात ते पाकीट होतं.

गिल्मार्टिनबाई पडदा सारून बघत होत्या. त्यांनी लगेच गॉलवेला फोन लावला.

"कसा जोडा दिसतोय बघ," त्या बहिणीला म्हणाल्या. "मी तुला सांगते, नवरा कमवायला लागला ना, की संसाराला कशी कळा येते."