लाल रेघ आणि नऊ शर्ट

त्या साथीच्या दिवसांत मास्क का मिळत नव्हते, हे शोधायला म्हणे एक समिती नेमली होती. समितीनं जाडजूड अहवाल दिला. कारखाने बंद होते, माल वाटेत अडकला, लोकांनी घाबरून साठे केले, वगैरे वगैरे. असेल बुवा. सगळीकडचं मला काय ठाऊक? पण आमच्या हॉस्पिटलात मास्क का नव्हते, हे माझ्या बायकोला विचारलं असतं तर तिनं एका शब्दात सांगितलं असतं. (तो शब्द मी इथं लिहीत नाही. घरात सासूबाई आहेत.)

मी हॉस्पिटलचा स्टोअरकीपर. तळमजल्यावर, जिन्याखाली, जाळीच्या खिडकीमागं गेली बावीस वर्षं बसतोय. आणि ही त्याच हॉस्पिटलात वॉर्ड नंबर तीनची सिस्टर. म्हणजे तळमजल्यावर माझं राज्य आणि दुसऱ्या मजल्यावर हिचं. घरी आलं की सगळे मजले हिचेच.

माझ्या स्टोअरचे दोन नियम. पहिला, जुनं जमा करा आणि नवं घ्या. पेन संपलं? रिकामं पेन दाखवा. झाडू झिजला? दांडा आणा. एकदा एका डॉक्टरांचं थर्मामीटर हरवलं, तेव्हा मी त्यांना शांतपणे म्हटलं, "हरवलेलं जमा करा, लगेच नवं देतो." त्यांनी बिचाऱ्यांनी बाहेरून विकत आणलं.

दुसरा नियम किमान साठ्याचा. स्टोअरातल्या प्रत्येक वस्तूचं एक कार्ड असतं आणि त्यावर एक आकडा छापलेला असतो. साठा त्या आकड्याच्या खाली गेला की कार्डावर लाल रेघ मारायची आणि नक्कल मुख्य कचेरीत पाठवायची. लाल रेघ पाहिली की कचेरी नवा माल धाडते. इतका सोपा नियम. पण मला ज्यांनी काम शिकवलं ते जुने स्टोअरकीपर म्हणायचे, "लाल रेघ ओढावी लागली म्हणजे स्टोअरकीपरला स्टोअर सांभाळता आलं नाही." ते मी मनावर घेतलं. तसाही दर तीन महिन्यांनी नेहमीचा माल यायचाच. तेवढे दिवस जरा हात आखडता घेतला, की झालं. बावीस वर्षांत माझ्या एकाही कार्डावर लाल रेघ नाही! कचेरीनं त्याबद्दल मला प्रमाणपत्र दिलंय. आमच्या हॉलमध्ये, सोफ्याच्या बरोबर वर, सोनेरी फ्रेममध्ये लावलंय. (पाहुणे आले की मी मुद्दाम समोरच्या खुर्चीवर बसतो, म्हणजे त्यांना मान वळवून 'हे काय?' असं विचारावंच लागतं.)

साथ आली तेव्हा मास्कची बारा खोकी शिल्लक होती. कार्डावर किमान साठा दहा. आठवड्यात एक खोकं गेलं, मग दुसरं गेलं. दहा उरली. आणि दहावर मी थांबलो.

एवढंच. एवढासाच निर्णय घेतला मी. म्हटलं, चार दिवस कळ काढू, तोवर नेहमीचा माल येईल.

माल आला नाही. ज्यांच्या कार्डावर लाल रेघ त्यांना आधी, असं वर ठरलं होतं. इकडे खिडकीत मागणीपत्रांचा ढीग पडायला लागला. मी प्रत्येकावर शेरा लिहून परत पाठवायचो, 'साठा किमान पातळीवर. सबब देता येत नाही.' लिहून लिहून मनगट दुखायला लागलं, तेव्हा मी त्याचा रबरी शिक्का करून घेतला.

एक दिवस खिडकीत ही उभी. ड्युटीवर आम्ही नवरा-बायको नसतो, हा हिचाच नियम.

"स्टोअरकीपर, वॉर्ड तीनला शंभर मास्क हवेत."

"साठा किमान पातळीवर आहे, सिस्टर."

"तुमच्या पाठीमागं खोकी दिसताहेत मला."

"तोच किमान साठा."

"तो कशासाठी ठेवतात?"

"अडीअडचणीसाठी."

"मग आत्ता काय आमची सहल चाललीय वर?"

"तसं नाही सिस्टर. पण हे आज दिले, आणि उद्या खरोखरीची अडचण आली तर?"

हिनं जाळीतून माझ्याकडं बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "घरी या तुम्ही." ड्युटीवरचा नियम हिनं बावीस वर्षांत पहिल्यांदा मोडला होता.

घरी आल्यावर कळलं की वॉर्डातल्या मुली एकच मास्क पाच-पाच दिवस वापरताहेत. घरी जाऊन धुतात, वाळवतात, सकाळी परत तोच बांधतात. हिच्या मास्कचा नाडा तुटलेला, तिथं सेफ्टी पिन लावलेली.

"अहो, ते प्रमाणपत्र काढा भिंतीवरचं," ही म्हणाली. "उद्या तेच बांधून जाते तोंडाला."

"काचेसकट नको गं," सासूबाई काळजीनं म्हणाल्या, "ओठाला लागेल."

मीही पेटलो. दुसऱ्या दिवशी थेट मुख्य कचेरीला फोन लावला. तिथला क्लार्क म्हणाला, "तुम्हाला मास्क हवेत? पण तुमच्या कार्डावर लाल रेघ कुठाय?"

"नाहीच आहे!" मी अभिमानानं म्हणालो.

"मग झालं तर! सगळीकडून बोंब चाललीय आणि एक तुम्हीच काय ते आरामात आहात. साहेब कालच म्हणाले, स्टोअर चालवावं तर असं."

मी फोन ठेवला तेव्हा कशासाठी केला होता ते विसरलो होतो. हॉस्पिटलचे मोठे साहेब जिन्यात भेटले. "काय हो, मास्कचं काय झालं?" मी म्हटलं, "सर, वरूनच येत नाहीत." (खोटं नव्हतं. फक्त अर्धं होतं.)

साधारण त्याच सुमारास माझे शर्ट कमी व्हायला लागले. माझ्याकडं शर्ट दहा. स्टोअरात मी गळ्यापर्यंत बटणं लावून खाकी कोट घालतो, त्यामुळं आत काय घातलंय ते कुणाला दिसत नाही आणि मीही फारसं लक्ष देत नाही. पण एके सकाळी कपाट उघडलं तर आत एकच शर्ट, तोही कोपर फाटलेला.

"सासूबाई, माझे शर्ट कुठायत?"

"धुवायला टाकलेत, जावईबापू."

"सगळे?"

"साथ आहे ना! स्वच्छता नको?" असं म्हणून त्यांनी शिलाई मशीनवर चादर ओढली.

म्हाताऱ्या माणसाची काळजी, म्हणून मी विषय सोडला. त्यानंतर दोन दिवसांनी वॉर्डातल्या बादल्यांची मोजणी करायला मी वर गेलो. लिफ्टमन 'नमस्कार' म्हणाला. त्याच्या तोंडावर माझा पट्ट्यांचा शर्ट होता. मी दचकलो, पण म्हटलं, पट्टे काय, बाजारात कुणालाही मिळतात. पुढं डॉक्टर भेटले. त्यांच्या नाकावर माझा चौकडीचा शर्ट, बटणासकट. लॅबमधल्या बाईंच्या तोंडावर माझा पांढरा. तो तर नक्कीच माझा, कारण शिक्क्याच्या शाईचा डाग जिथल्या तिथं होता. असा चालत चालत मी वॉर्ड तीनच्या दाराशी पोचलो, तर समोर ही. हिच्या तोंडावर निळा शर्ट. लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या वाढदिवसाला हिनंच घेतलेला! खिसा तसाच ठेवून शिवलेला, बरोबर हनुवटीखाली.

संध्याकाळी घरी मी आकाशपाताळ एक केलं. "नऊ शर्ट! विचारायचं तरी! आणि तो निळा? त्याला हात लावताना काही वाटलं नाही?"

ही मशीनवरचे धागे गोळा करत होती. "सगळ्या हॉस्पिटलभर फिरलात ना आज?"

"फिरलो!"

"आणि तुम्हाला फक्त शर्ट दिसले. शर्टामागची तोंडं नाही दिसली."

मी कोट काढून खुंटीला लावला.

आणि त्यानंतरच्या गुरुवारी ही खोकली.

एकदाच. मग परत. मग अंगात कणकण. हिनं स्वतःच तपासणी करून घेतली, आतल्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली. रिपोर्ट दोन दिवसांनी. मी दाराबाहेर ताट ठेवायचो, ही थोड्या वेळानं ते आत ओढून घ्यायची. दारापलीकडून खोकला ऐकू यायचा आणि इकडं सोफ्यावर माझ्या डोक्यावर ते प्रमाणपत्र. मला भीती वाटत होती हो! नुसती भीती नव्हे, लाजही वाटत होती. तो सेफ्टी पिनवाला मास्क सारखा डोळ्यांपुढं यायचा. हिला काही झालं तर मी त्या दहा खोक्यांचं काय करणार होतो?

शुक्रवारी सकाळी मी उठलो, खाकी कोट चढवला आणि ठरवलं, आज रेघ मारायची. तेवढ्यात लक्षात आलं की माझ्याकडं लाल पेन नाही. बावीस वर्षांत कधी लागलंच नव्हतं. स्टोअरात लाल पेनांचा आख्खा डबा आहे, पण नियम माझाच. जुनं जमा केल्याशिवाय मी मला नवं देणार कसं?

मी आतल्या खोलीच्या दारावर टकटक केलं. "अगं, लाल पेन आहे का तुझ्याकडं?"

"कशाला?"

"रेघ मारायला."

आतून आवाज आला, "जुनं पेन जमा करायला आणलंय का?" आणि ही हसली. हसता हसता खोकायला लागली आणि खोकता खोकता म्हणाली, "बाहेर खुंटीवर माझी पर्स आहे, त्यात बघा."

मी दाराला कपाळ टेकून तिथंच उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते कोटाच्या बाहीला पुसलं. (बाही खाकी असल्यामुळं डाग दिसत नाही.)

स्टोअरात गेलो, कार्ड काढलं, पट्टी धरली आणि लाल रेघ मारली. सवय नसल्यामुळं जरा वाकडीच आली. दहाही खोक्यांची सीलं फोडली आणि स्वतः डोक्यावरून वॉर्डावॉर्डात नेऊन दिली. कुणाकडं मागणीपत्र मागितलं नाही. लिफ्टमन तर माझ्याकडं बघून इतका घाबरला, की त्यानं मला विचारलं, "साहेब, तुम्हालाही ताप आहे का?"

शनिवारी रिपोर्ट आला. काही नव्हतं, साधा सर्दी-खोकला. आतली कडी निघाली. मी काही बोलणार तोच ही म्हणाली, "आधी चहा टाका." मी टाकला. साखर घालायची विसरलो, तरी हिनं मुकाट्यानं प्यायला.

आणि मंगळवारी, म्हणजे रेघ मारल्यापासून बरोबर चौथ्या दिवशी, कचेरीकडून मास्कची चाळीस खोकी आली! दीड महिना अख्खं हॉस्पिटल ज्यासाठी तळमळत होतं, ते एका रेघेच्या अंतरावर होतं.

खोक्यांबरोबर कचेरीचे एक साहेबही आले. बिनरेघेच्या स्टोअरात रेघ पडली कशी, ते बघायला. आमचे मोठे साहेबही शेजारी उभे राहिले. मी वाटप सुरू करणार, तेवढ्यात कचेरीच्या साहेबांनी विचारलं, "तुमचा तो जुनं जमा करून नवं घ्यायचा नियम ऐकलाय. पाळता ना अजून?"

"पाळतो म्हणजे काय, सर!" माझ्या तोंडून निघून गेलं.

खिडकीसमोर रांग होती आणि रांगेत पहिली ही. हिनं एक गाठोडं पुढं सरकवलं. धुतलेले, इस्त्री केलेले, घडी घातलेले माझे नऊ शर्ट. फक्त त्रेचाळीस तुकड्यांत.

"जुने जमा," ही म्हणाली. "मोजून घ्या, स्टोअरकीपर."

कचेरीचे साहेब खूश झाले. स्वतःच्या हातानं त्यांनी नवीन कार्ड उघडलं आणि लिहिलं, 'कापडी मास्क, वापरलेले: त्रेचाळीस.' मग पेन थांबवून विचारलं, "किमान साठा किती लिहू?"

मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "त्रेचाळीस लिहा, सर. न जाणो, उद्या खरोखरीची अडचण आली तर?"

तसंच लिहिलं गेलं. सही, शिक्का, तारीख. माझे शर्ट हॉस्पिटलच्या मालकीचे झाले.

बाकीच्यांचं मला काही वाटलं नाही, पण तो निळा! आठ दिवस मन मारलं, मग रीतसर मागणीपत्र भरलं. 'खिसा असलेला कापडी मास्क, नग एक.' हिनं वॉर्ड सिस्टर म्हणून हसत हसत सही दिली. मी खिडकीच्या बाहेर उभं राहून ते आत टाकलं, वळसा घालून आत आलो, खुर्चीवर बसलो आणि वाचलं. कार्ड काढून साठा बघितला. मग शिक्का उचलून मीच त्यावर मारला, 'साठा किमान पातळीवर. सबब देता येत नाही.'

ते मागणीपत्र हिनं घरी नेलं. आता आमच्या हॉलमध्ये, सोफ्याच्या बरोबर वर, सोनेरी फ्रेममध्ये तेच आहे. माझ्या प्रमाणपत्रासाठी दुसरी फ्रेम आणू या, असं मी एकदा सुचवून बघितलं.

"आणू की," ही म्हणाली. "जुनी जमा करा."