तीन बिऱ्हाडांचा कॉम्प्युटर

पुरुषोत्तमरावांनी तयार कॉम्प्युटर घ्यायचा नाही असं ठरवलं, ते एका स्टिकरमुळे.

तसे ते आणि त्यांची बायको सुचेताबाई बेंगळुरातल्या चामराजपेटेतून एस. पी. रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेले होते ते कॉम्प्युटर घ्यायलाच. दुकानदारानं कंपनीचा, जोडून तयार असलेला कॉम्प्युटर समोर ठेवला, चालू करून दाखवला. सुचेताबाईंनी कीबोर्डवर बोटं फिरवून पाहिली आणि "हाच" म्हणाल्या. (साडी घेताना त्या हा शब्द चौथ्या दुकानाआधी उच्चारत नाहीत.) एवढ्यात पुरुषोत्तमरावांना मागच्या स्क्रूवर चिकटवलेला एक गोल कागद दिसला.

"हे काय?"

"ते फाटलं की वॉरंटी गेली, सर. झाकण उघडायचं नाही."

"आणि आत काही बिघडलं तर?"

"आमचा माणूस येईल. तो उघडेल."

"म्हणजे वस्तू माझी आणि उघडणार तुमचा माणूस."

"हो, सर," दुकानदार म्हणाला. त्यात त्याला काहीच वावगं वाटलं नाही.

सुचेताबाई मधेच म्हणाल्या, "मला यावर डॉसही हवं आणि विंडोजही. दोन्ही बसेल का?" दुकानदारानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण तोवर पुरुषोत्तमराव पायरी उतरले होते.

पुरुषोत्तमराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, पण मनानं मेकॅनिक. घरात त्यांनी न उघडलेली वस्तू म्हणजे फक्त देव्हारा. इस्त्री त्यांनी उघडली होती, रेडिओ उघडला होता, आणि गेल्या वर्षी मिक्सर उघडला होता. तेव्हापासून मिक्सर एकाच वेगानं चालतो आणि त्या वेगाला झाकण टिकत नाही. स्वयंपाकघराच्या छतावर चटणीचे हिरवे ठिपके आहेत. नवे पाहुणे त्यांना नक्षी समजतात.

सुचेताबाईंना मात्र कॉम्प्युटर कामासाठी हवा होता. त्या एका छापखान्यात लग्नपत्रिका टाइप करून जुळवून द्यायचं काम करत. आता हे काम घरून, स्वतःच्या नावावर करायचं त्यांनी मनात घेतलं होतं. पहिलं काम मिळालं तेही साधं नाही. मराठी समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष विश्वेश्वरराव यांच्या मुलाचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर होतं. पत्रिका एका बाजूला कानडी, दुसऱ्या बाजूला मराठी. दसऱ्याला सकाळी पहिली पत्रिका देवीपुढे ठेवायची. ती चांगली निघाली तर बेंगळूरच्या सगळ्या मराठी लग्नांच्या पत्रिका सुचेताबाईंकडे. नाही निघाली तर पुन्हा छापखान्यात, मालकाच्या पंख्यापाशी (जो मालकाकडेच तोंड करून फिरे). अडचण एवढीच होती की त्यांचा कानडीचा प्रोग्रॅम जुना, तो डॉसखेरीज कुठं चालत नसे आणि मराठीचे फॉन्ट विंडोजखेरीज कुठं उमटत नसत.

"आपण जोडू," पुरुषोत्तमराव म्हणाले. "मानसिंग आहे की."

मानसिंग हा त्यांचा आतेभाऊ. एस. पी. रोडवरच्या एका बोळात तो कॉम्प्युटरचे सुटे भाग विकायचा. त्याला काहीही विचारलं तरी उत्तर एकच. "होतंय अण्णा, स्वल्प ॲडजस्ट करायचं."

सुटे भाग घरी आले. जेवणाचं टेबल गेलं. घर जमिनीवर पंगत मांडून जेवू लागलं, आणि टेबलावर पुरुषोत्तमराव स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसू लागले. शेवटी एका रविवारी यंत्र सुरू झालं. ओंजळभर स्क्रू मात्र उरले.

"हे कुठले रे?" त्यांनी मानसिंगला विचारलं.

"सरी अण्णा, ठीक आहे, असू द्या. कंपनीवाले उगाच जास्त देतात."

झाकण नीट बसेना, म्हणून ते परकराच्या नाडीनं बांधलं. फ्लॉपीचा ड्राइव्ह उलटा बसला होता, त्यामुळे फ्लॉपी उताणी घालावी लागे. सुचेताबाईंनी हेही मुकाट्यानं शिकून घेतलं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती.

मग हार्ड डिस्कची वाटणी. या बाबतीत पुरुषोत्तमरावांना वाटे की आपल्या रक्तातच ती विद्या आहे, कारण त्यांच्या आजोबांच्या घरात तीन बिऱ्हाडं होती. ते आईला समजावून सांगू लागले. अंबुबाई वाती वळत ऐकत होत्या.

"हे बघ आई, डिस्क म्हणजे घर. एका खोलीत डॉस, एका खोलीत विंडोज. दार एकच. चालू केलं की दारातच विचारतं, कुणाकडे आलात?"

"आणि दोघं एकदम जागे झाले तर?"

"होत नाहीत. एक उठला की दुसरा झोपलेला असतो."

"हे बरंय," अंबुबाई म्हणाल्या. "तुझ्या काकांना असं जमलं असतं तर कोर्टात जायला नको होतं."

आणि खरंच ते चाललं. सुचेताबाईंनी सकाळी डॉसच्या खोलीत कानडी बाजू लावली, दुपारी विंडोजच्या खोलीत मराठी. पुरुषोत्तमराव आल्यागेल्याला यंत्र दाखवू लागले, कंपनीच्या कॉम्प्युटरविषयी कनवाळूपणानं बोलू लागले. माणसानं इथं थांबायला हवं होतं.

पण डिस्कमध्ये त्यांनी एक तिसरी खोली रिकामी ठेवली होती. मासिकाबरोबर लिनक्स नावाच्या तशाच तिसऱ्या सिस्टिमची सीडी आली होती आणि ती फुकट जाणं त्यांना बघवत नव्हतं. घरमालकाला रिकामी खोली दिसली की त्याची झोप उडते.

खंडेनवमीचा दिवस उजाडला. या दिवशी बेंगळुरात आयुधपूजा असते. रिक्षापासून अडकित्त्यापर्यंत जे जे कामाचं, ते ते धुऊनपुसून देवापुढे येतं, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. सासूसुना स्वयंपाकघरात होत्या. पूजेला अवकाश होता. तेवढ्यात नवं बिऱ्हाड आणून टाकू, म्हणून पुरुषोत्तमरावांनी सीडी घातली.

पडद्यावर इंग्रजीत प्रश्न येऊ लागले. पहिला त्यांनी वाचला. दुसरा अर्धा वाचला. पण हेडक्लार्कचा हात हा असा, की समोर कागद आला की कोपऱ्यात सही करून पुढं सरकवायचा. वाचायचं ते खालच्या माणसानं. हात येस, येस करत गेला. त्यातला एक प्रश्न 'संपूर्ण डिस्क वापरू का?' असा होता, हे त्यांना उत्तर देऊन झाल्यावर कळलं.

नव्या बिऱ्हाडकरूनं आल्या आल्या दोन्ही शेजाऱ्यांना सामानासकट रस्त्यावर काढलं, मधल्या भिंती पाडल्या आणि सगळं घर आपल्या नावावर करून घेतलं. डॉस गेलं, विंडोज गेलं, पत्रिका दोन्ही बाजूंनी गेली. काळ्या पडद्यावर यंत्रानं त्यांना नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. मग पासवर्ड विचारला. जो सुचला तो दिला. तो चुकला. स्वतःच्या घरात, स्वतः जोडलेल्या यंत्रानं त्यांना ओळख दाखवायला नकार दिला.

"झालं का तुझं?" अंबुबाई पूजेचं ताट घेऊन आल्या. "बंद कर ते. पूजेला घ्यायचंय."

त्यांनी मॉनिटरच्या कपाळाला कुंकू लावलं, शेवंतीची माळ घातली आणि स्कूटरच्या चाकाखाली ठेवतात तसं एक लिंबू कीबोर्डखाली सरकवलं. "आता उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही."

पुरुषोत्तमरावांच्या जिवात जीव आला. एक दिवस मिळाला. त्यांनी स्वतःहून स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड, सुरी, कात्री आणून देवापुढच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चौकोनी गठ्ठ्यावर मांडली आणि तिथंच पाट टाकून राखण करत बसले.

दुपारी विश्वेश्वरराव प्रसादाला आले. "सुचेताबाई, पत्रिका एकदा पडद्यावर बघू की."

"आज नाही," पुरुषोत्तमराव घाईनं म्हणाले. "आज यंत्र देवाचं. आज स्पर्श नाही."

"गेल्या वर्षी याच दिवशी तुम्ही मिक्सर उघडलात," सुचेताबाई म्हणाल्या.

"त्याचंच फळ आपण छतावर बघतोय."

विश्वेश्वरराव भारावले. "अशी श्रद्धा राहिली नाही हो आता," ते म्हणाले, आणि अंबुबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मुलगा मार्गाला लागलेला बघायला मिळाला म्हणून. यानंतर पुरुषोत्तमरावांना माघार नव्हती. सुरीला हात लावायचा नाही म्हणून त्यांनी सफरचंद सालासकट अख्खं खाल्लं. स्कूटरलाही हात लावायचा नाही म्हणून विश्वेश्वररावांना भर उन्हात चालत घरी पोचवलं.

परतताना वाटेत मानसिंग भेटला. त्यांनी त्याला कोपऱ्यात घेतलं. "डिस्कवरचं पुसलेलं परत आणता येतं का रे?"

"होतंय अण्णा."

"कसं?"

"परत टाइप करायचं."

घरी येऊन ते सुचेताबाईंसमोर उभे राहिले. मोठ्या साहेबांसमोरही ते असे उभे राहिले नव्हते. "अगं, तुझी पत्रिका माझ्या हातून पुसली गेली. दोन्ही बाजू. तुझं पहिलंच काम मी बुडवलं."

सुचेताबाई करंजीसारख्या कडबूला मुरड घालत होत्या. ती पूर्ण घालून त्या म्हणाल्या, "मला सकाळीच कळलं, काहीतरी मोडलंय."

"कसं?"

"तुम्ही खंडेनवमी पाळायला लागलात."

"पण उद्या सकाळी देवीपुढे काय ठेवायचं?"

"अहो, आज छापखान्यातही मशीनची पूजा. आज तिथलं चाक तरी फिरेल का? उद्या सकाळी पत्रिका हवी तर ती कालच छापायला नको? परवाच फ्लॉपी नेऊन दिली मी. सवयीनं तिथंही उताणी घालायला गेले, तर मालक माझ्याकडे बघतच राहिला."

"मग छापलेल्या पत्रिका आहेत कुठं?"

"दिवसभर त्यांच्यासमोर तर बसला होतात," त्या म्हणाल्या. "वर तुमची पक्कड ठेवलीय."

पत्रिका सुरेख निघाली. विश्वेश्वररावांनी ती चारचौघांत फिरवली आणि सुचेताबाईंकडे कामं येऊ लागली. दिवाळीआधी कंपनीचा कॉम्प्युटर घरात आला, मागं स्टिकरसकट. दुकानदारानं स्वतः येऊन चहा निवायच्या आत त्यात डॉस आणि विंडोज दोन्ही बसवून दिलं.

"हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?" पुरुषोत्तमरावांनी विचारलं.

"सांगतच होतो, सर. तुम्ही पायरी उतरलात."

पुरुषोत्तमरावांचा कॉम्प्युटर आता खिडकीशी आहे. अधूनमधून ते तो चालू करतात. तो नाव विचारतो, ते सांगतात, तो मानत नाही.

दसऱ्याच्या दिवशी देवापुढची सगळी हत्यारं आपापल्या जागी परत गेली. सुरी ओट्यावर, कात्री टोपलीत, पक्कड खणात. स्क्रू-ड्रायव्हर मात्र अंबुबाईंनी उचलू दिला नाही. "राहू दे तो देवापाशीच," त्या म्हणाल्या. "तिथं शांत राहतो." तेव्हापासून तो देव्हाऱ्यात आहे, त्याला रोज कुंकू आणि फूल वाहिलं जातं. घरात एखादा स्क्रू ढिला झालाच, तर पुरुषोत्तमरावांना आंघोळ करून, सोवळं नेसून तो देव्हाऱ्यातून काढावा लागतो. आणि ते सोवळं नेसून बाहेर येईपर्यंत सुचेताबाईंनी सुरीच्या टोकानं स्क्रू घट्ट केलेला असतो.